मामांच्या खुनाचं कार्ड

माझ्या मामांचा खून झाला, त्या दिवशी ते घाटंजीच्या बाजारात वांगी विकत होते.

त्याचं असं झालं. आमच्या खानदानातला पहिला बी.ए. मी! (कोणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगावं लागतं.) नामांकित रहस्यकथाकारांची सहीची पत्रं जमवायची, असं मी ठरवलं. त्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. पत्र एकही नव्हतं, पण डबा होता! मग पुण्याच्या एका लेखकाला जोडकार्ड धाडलं. अर्ध्यावर माझा मजकूर, अर्धं कोरं. ते फाडून त्यांनी उत्तर लिहायचं. वर फुकटचा सल्लाही दिला, ‘पुढच्या कथेत मामाला विष द्या!’

कापूस निघाला तेव्हा कुठं उत्तर आलं. पण लेखकमहाशयांनी कार्ड घाईत फाडलं असावं. एक कोपराच गायब! आणि आमच्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयतीचं. वाचायचं आणि लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. मी होतो वावरात. मायला वाचता येत नव्हतं, पण कोपरा दिसला! तिनं तिथंच हंबरडा फोडला. शेजारचे चौथी पास गणपतराव धावत आले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, ‘आपल्या सांगण्यावरून मामांना विष देऊन संपवले. लोभ असावा.’

मी परतलो तर अंगणात अर्धं गाव!

“काहून रडून राह्यली वो माय?”

“मामाले विष द्याले तूच सांगतलं, असं कार्ड आलं! माह्या भावानं तुह्यं काय बिघडवलं होतं रे? बी.ए. होऊन हेच शिकला काय?”

“अवो, तो पुस्तकातला मामा हाय!”

“पुस्तकातला असो का घरचा, मामा तो मामाच!”

“पन कार्ड कुठं हाय? त्याच्यावर सही हाय ना!”

“पाहा!” गणपतराव गर्दीकडे वळून म्हणाले, “मामा गेला, अन् याले सहीची पडली! मामाच्या वावराचा कागद असन!”

कार्डाचे तुकडे सुतकाच्या आंघोळीचं पाणी तापत होतं त्या चुलीत गेले होते. मी सरळ चुलीत हात घातला.

“धरा त्याले! पुरावा मिटवून राह्यला!”

दोघा पहिलवानांनी मला दाबून धरलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत सही जळाली!

इतक्यात बाजार आटोपून मामाच दारात आले. गर्दी पाहून त्यांनी आधी टोपलं खाली ठेवलं आणि रडायला सुरुवात केली.

“कोन गेलं वो बाई?”

“तू!” म्हणत माय त्यांच्या गळ्यात पडली.

सगळा उलगडा झाल्यावर मामा एकदम खुलले. “माह्या खुनाचं पुस्तक निंगून राह्यलं? अन् तू सहीसाठी रडतं कायले? आन कागद!” त्यांनी चुलीतली काजळी अंगठ्याला फासली आणि तो कागदावर दाबून उमटवला.

पुढे जिद्दीनं मी पुष्कळ लेखकांच्या सह्या मिळवल्या. डबा भरला! पण पाहुणे येतात ते मयताचा अंगठा पाहायला. आणि मामा प्रत्येकाला अभिमानानं सांगतात, “मले मारायचं डोकं आमच्या भाच्याचं. शिकलेला हाय ना!”