सखारामच्या मोटारीचा डावा दिवा

गॅरेजमधली गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, पण तिचा किस्सा मात्र तिथेच मुक्कामाला राहतो! एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत नाशकात भद्रकालीजवळच्या आमच्या गॅरेजात असे इतके किस्से जमले होते की चहाला आलेला माणूस उठायचं नाव घेत नसे.

मी तिथला दुसरा मिस्त्री. पहिले करीमचाचा. दिवा लागत नाही अशी तक्रार आली की चाचा बल्बकडे ढुंकूनही बघत नसत. मोटारीत दिव्याकडे वायर जाते एकच. करंट परत बॅटरीकडे येतो तो गाडीच्या लोखंडातून. याला आम्ही अर्थिंग म्हणायचो. वाटेत गंज किंवा रंग आडवा आला की खेळ खलास!

"यशवंता, करंट जातो कसा ते सगळेच बघतात," चाचा मला म्हणायचे. "परत कसा येतो ते कोण बघणार, मियाँ?"

* * *

एका वकीलसाहेबांनी गाडीला नवा रंग दिला आणि दिवे बंद पडले. त्यांनी मुंबईहून सहा बल्ब मागवले. एकही पेटेना! मग आले आमच्याकडे, बल्बवाल्यावर फिर्याद ठोकायच्या तयारीत.

चाचांनी चाकू घेतला आणि दिव्याच्या बुडाखालचा रंग खरवडायला सुरुवात केली. वकीलसाहेब किंचाळले, "अहो, कालच वाळलाय रंग!"

दिवा भक्कन पेटला. चाचा म्हणाले, "साहेब, रंग बघायलाही दिवा लागतोच ना!"

मी आठवडाभर या वकिलांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्यावरच उलटणार आहे.

* * *

करंट गाडीच्या लोखंडातून फिरतो, हे वकीलसाहेबांनी घरी जाऊन सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवशी वकिलीणबाई गाडीत चक्क लाकडी पाट टाकून बसल्या.

चाचांनी समजूत घालायला बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हात ठेवून दाखवले. "बघा बाई, काही होतंय का?"

बाई म्हणाल्या, "तुम्हाला सवय असेल!"

* * *

पंचवटीतल्या एका उपाध्यायांची गाडी यात्रेकरूंना आणायला स्टेशनवर जायची. तिचे दिवे त्यांच्या हाताखालचे बंडूभटजी मडगार्डवर बसले तरच लागायचे. भटजींचं वजन भारी. ते बसले की ढिला ब्रॅकेट दाबला जायचा. त्यामुळे यात्रेकरू मागे राहिले तरी चालतील, पण बंडूभटजी पुढे पाहिजेत!

चाचांनी एक बोल्ट आवळला आणि काम फत्ते. चार दिवसांनी बंडूभटजी घामाघूम होऊन पायी आले. हळूच म्हणाले, "चाचा, तो बोल्ट जरा ढिला करता येईल का हो?"

* * *

आता सखारामची कळवण ते नाशिक उतारू नेणारी सर्व्हिस मोटार. एकदा दिंडोरीच्या अलीकडे अंधारून आलं आणि डावा दिवा गेला. मडगार्डवर दगडूआबा नावाचे म्हातारे सुपारी कातरत बसले होते. मोटारीला धक्का बसला, आबांच्या हातातला अडकित्ता निसटून दिव्याची निकेलची कड आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकला, करंटला परतीची वाट मिळाली, आणि दिवा लख्ख!

"काढू नका आबा!" सखाराम ओरडला.

नाशिक येईपर्यंत आबा सुपारीवाचून बसले. उतरताना म्हणाले, "लय हाल झालं बाबा! पर माझा अडकित्ता बी मोटारीचा पार्ट हाय, हे नव्हतं ठावं."

दुसऱ्या दिवशी चाचांनी गंज घासून दिवा सुरू केला.

* * *

पुढच्याच महिन्यात त्या मोटारीचं पासिंग आलं. नापास झाली तर सखारामचं लायसन जाणार, आणि घरात खाणारी सात तोंडं. चाचा भाचीच्या लग्नाला मनमाडला. म्हटलं, आपणच गाडी नटवू. मी दिवे सोडवले, निकेल आणि रेडिएटर सोडून सगळ्याला झकास काळा रंग मारला, पुन्हा बसवले.

सकाळी इन्स्पेक्टरसाहेब दारात. सखारामने बटण दाबलं. उजवा नशिबाने लागला. डावा? ठार बंद!

रंग! ज्या वकिलांना हसलो, त्यांचाच धडा मी गिरवला होता. साहेब अजून मागचं चाक बघत होते. सखारामचा चेहरा बघवेना.

कळवणला जायला आलेले दगडूआबा पानसुपारीची चंची सोडून उभे होते. त्यांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा सखारामकडे, आणि मडगार्डवर टेकता टेकता अडकित्ता गुपचूप त्याच फटीत खोचला. दिवा लख्ख!

साहेब पुढे आले. दोन्ही दिवे पाहून मान हलवली, कागद काढला, आणि आबांच्या हातातली सुपारी बघून थबकले.

"काय बाबा, कातरा की एक खांड आम्हालाही!"

मी डोळे मिटले. आबांनी आजवर कुणाला सुपारी नाकारली नव्हती.

आबा म्हणाले, "साहेब, सही व्हऊ द्या आदी. शुभ कामाच्या अगुदर मी सुपारी फोडत नाय."

साहेबांनी सही केली. आबांनी अडकित्ता काढला. डावा दिवा विझला.

साहेबांनी दिव्याकडे पाहिलं. अडकित्त्याकडे पाहिलं. कागदाची घडी घालून सखारामच्या हातात दिली आणि आबांपुढे तळवा धरला.

"बारीक कातरा हं. दाढ हलतेय."