सोजरबाईचं मीठ

इंझोरीच्या सोजरबाईला कुणी विचारलं, तुमची पोरगी नागपुरात काय शिकते, तर ती मान ताठ करून सांगायची, "मेलेल्याची तारीख काढते." ऐकणारा नाक मुरडायचा. मुरडेना का! अळ्यांचं शिकून कुणाचं भलं झालं, असं विचारणाऱ्या नणंदेला तिनं एकदाच ठणकावलं होतं, "तुमच्या भाकरीवर नाही ना बसत त्या? मंग?" त्यानंतर नणंदेनं तो विषय काढला नाही.

शिक्षण मात्र खरंच तसलं. मढं उघड्यावर पडलं की आधी माश्या येतात, अंडी घालतात, त्यांच्या अळ्या होतात, मागून भुंगेरे येतात. अळी केवढी झाली, खालची माती कशी बदलली, यावरून माणूस कधी मेला ते पोलिसांना सांगता येतं. आपल्या काळ्या मातीत हे कसं घडतं, ते या पोरीला, निकिताला, पाहायचं होतं. कॉलेजनं अट घातली की आधी एका जनावरावर नीट करून दाखव, मगच पुढची परवानगी. तिच्या बापानं, जानरावनं, विहिरीपासून लांबचा पडीक तुकडा दिला. जनावर सोजरबाईनं दिलं.

म्हणजे झालं असं, की तिची चांदी नावाची शेळी सोयाबीनच्या ढिगात शिरली, पोट फुगेस्तोवर खाल्लं आणि सकाळी आडवी. सोजरबाई रडली, डोळे पुसले आणि निकिताला म्हणाली, "घेऊन जाय. तुह्या कामी तरी येईन." बोलायला काय जातं! निकितानं चांदीला जाळीच्या पिंजऱ्याखाली ठेवलं, कुत्र्यांनी ओढू नये म्हणून, आणि रोज चिमट्यानं अळ्या उचलून बाटलीत भरू लागली. "शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणते वातड," असं सोजरबाई पुटपुटायची, तरी पोरीसाठी परसात पाणी तापवून ठेवायची. मढ्यापासून आलेल्यानं न्हाल्याशिवाय घरात यायचं नसतं, मग विज्ञान असो की आणखी काही.

बाटल्या भरल्या तशी निकिता त्या कॉलेजात दाखवायला नागपूरला निघाली. जाताना म्हणाली, "आई, नुसतं लक्ष ठेवजो. हात लावू नको."

सोजरबाईनं लक्ष ठेवलं, तिथंच घोटाळा झाला. तिच्या घरचं एकही जनावर आजवर उघड्यावर राहिलं नव्हतं. बैल असो की वासरू, खड्डा करायचा, अंगावर जाडं मीठ टाकायचं, वर कडुनिंबाचा पाला, मग माती. मीठ घातलं की जनावर लवकर मातीला मिळतं, असं सारेच मानतात. मग चांदीनंच एकटीनं काय पाप केलं होतं? एका दुपारी तिला राहवलं नाही. दुकानातून मिठाची थैली आणली, जाळी बाजूला केली आणि चांदीला रीतसर पुरलं. घरी येऊन न्हाली, पोटभर जेवली आणि निवांत झोपली. बाई खुशीत होती, लपवायचं कशाला?

निकिता परतली तर जाळी रिकामी.

"म्या पुरली तिले," सोजरबाई म्हणाली. "मीठ टाकून. माह्याच्यानं नाही पाह्यवलं."

पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मातीकडे पाहत म्हणाली, "आई, परवानगी गेली आता माही." तेव्हा कुठं सोजरबाईला आपण काय केलं ते उमगलं. या पोरीच्या शिक्षणासाठी तिनं साऱ्या भावकीशी वाकडं घेतलं होतं, आणि तोंडाशी आलेला घास तिनंच पाडला होता.

निकितानं आपल्या मॅडमना फोन लावला. सोजरबाई बांधावर बसून ऐकत होती. "हो मॅडम... मीठ... हो, इकडं सगळेच टाकतात." फोन ठेवून ती आईजवळ येऊन टेकली.

"मॅडम म्हणतात, इकडं कोणी माणसाचं मढं लपवून पुरलं तरी मीठ टाकनच. मंग मिठात अळ्यांचं काय होते, मातीचं काय होते, थेच पाहू. परवानगीचं त्या पाह्यतात."

"मंग पाह्य ना."

"पाहाले उकरा लागते, आई. आज, अन् मंग परत परत. तुले चालत नसन तर मी नाही करत. तू सांगशीन तसं."

सोजरबाईच्या अगदी जिवावर आलं. माती दिलेल्याला पुन्हा काढायचं, हे तिनं कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. पण एवढी शिकलेली पोरगी 'तू सांगशीन तसं' म्हणाली, याचंच तिला भरून आलं. निकिता फावडं घेऊन उभी होती, पण पुढं होत नव्हती.

सोजरबाईनं पदर खोचला आणि तिच्या हातातून फावडं काढून घेतलं.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "तिले माह्या हाताची सवय हाय."