सात नंबरचा आवाज

फोनवर कुणी नुसतं "हो, आहे" म्हणालं की मला चैन पडत नाही. कोण आहे, कुठे आहे, जवळ कोण आहे, असं विचारत सुटतो. बायको वैतागते. ही खोड मला इच्छापोर गावातल्या नोकरीत लागली.

नव्वदच्या दशकात तिथल्या एका कारखान्यात मी वायरलेस ऑपरेटर होतो. टॉवर एकच, पण त्यावर गट चार: क्रेनवाले, गेटवाले, आगवाले आणि टाक्यांवर काम करणारे. एका गटाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जात नसे. चारही गट ऐकणारा मी एकटा, आणि त्याचा मला भारी तोरा होता. दर अर्ध्या तासाला प्रत्येक सेटला हाक मारायची आणि "हाजर" आलं की रजिस्टरात बरोबरची खूण करायची. कुणी बोलू लागलं की त्याच्या सेटचा नंबर माझ्यासमोर लाल आकड्यांत उमटे.

सात नंबरचा सेट माझ्या वडिलांकडे होता. आबांनी लूमवरचं काम सोडून इथे ठेकेदाराकडे पाय रोवले होते. टाकीच्या तोंडाशी वर बसायचं आणि आत रंग देणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. खाली शिडीपाशी आठ नंबरचा सेट घेऊन आमच्याच गावचे काका.

त्या उन्हाळ्यात मी "सात" म्हणून हाक मारली की काकांचा आवाज येऊ लागला. समोर आकडा सातच. काका दोन्ही सेट घेऊन आबांच्या जागी वर बसतात, हे मी पहिल्याच दिवशी ताडलं. आबा कुठेतरी सावलीत विडी ओढत असतील असं मी धरून चाललो. राग आला, तरी खूण करत राहिलो. गोडादरा वस्तीतल्या आमच्या घरी आम्ही समोरासमोर जेवायला बसायचो, पण मी विषय काढला नाही. विचारलं असतं तर आबा कुठे असतात ते कळलं असतं, आणि कळलं की साहेबांना कळवणं आलं.

मग एका दुपारी गॅसचा वास आला आणि भोंगा वाजला. सगळ्यांनी बाहेर पडायचं, मी सेटवर एकेकाला विचारायचं.

"आठ?"

"आठ बाहेर."

"सात?"

"सात बाहेर," काकाच म्हणाले, सवयीने.

मी खूण केली. हात आधी चालला. मग ध्यानात आलं, आवाज काकांचा होता. नेमके आजच आबा वर गेले असतील तर? चारही गटांना एकदम ऐकू जाईल असं बटण होतं. ते दाबून मी ओरडलो, "सात नंबर बाहेर नाही! टाकीवर बघा!"

तोंडाला मास्क लावून आगवाले दोघं टाकीवर चढले. वर कुणी नव्हतं. आबा सापडले पत्र्याच्या शेडमागे, सिमेंटच्या गोण्यांवर बसलेले, छाती धरून. त्यांना शिडी चढवतच नव्हती. चार पायऱ्यांत धाप लागायची. हे सुपरवायझरला कळलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून काका वर जायचे. त्याच संध्याकाळी दोघांनाही गेटबाहेर काढलं. मला मात्र शाबासकी मिळाली.

घरी आबा भिंतीला टेकून बसले होते. मी तावातावाने आमच्या गावच्या बोलीत म्हणालो, "आबा, मले वाटनं तू टाकीमा अडकना!"

त्यांनी श्वास पुरेपर्यंत वाट पाहिली. मग रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात विचारलं, "आनि इतला दिन मी कोठे व्हतू, तुले काय वाटनं?"