हार घातलेलं मशीन

माझा राग लवकर निवत नाही. चांगल्या माणसांचा निवतो म्हणे. धाकट्या दिरांवरचा राग मी श्रावणापासून खंडेनवमीपर्यंत लोणच्यासारखा मुरवला, आणि त्यांच्या पानात वाढला तेव्हा मला फार बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू?

दिरांचं विठ्ठलवाडीला टायरचं दुकान आहे. काम फक्त कारचं. दुकानाच्या मधोमध त्यांचं लाडकं मशीन उभं असतं. त्याच्या बगलेला फावड्यासारखा एक लाल दांडा आहे. हवेच्या जोरानं तो टायरवर दाबला जातो आणि टायरची कड रिमपासून सुटते. कारच्या रुंद टायरसाठी झकास. माझी मात्र मोटारसायकल. बेलवलीच्या घरून मोरिवलीच्या कारखान्यात मी रोज तिच्यावरच जाते; तिथल्या लॅबमध्ये नोकरी आहे माझी. पुढचा टायर झिजला तेव्हा नवरा म्हणाला, घरचं दुकान असताना बाहेर कशाला जायचं?

"भाऊजी, याला डिस्क ब्रेक आहे," मी दिरांना सांगितलं. "तुमच्या मशीनवर चालेल ना?"

"वहिनी, टायर म्हणजे टायर. गोल असतो, काळा असतो. टेन्शन नका घेऊ."

डिस्क म्हणजे चाकाला बाजूनं बसवलेली ब्रेकची पोलादी चकती. ती न काढताच त्यांनी दांडा दाबला. कट्ट असा आवाज आला. मी दचकले, तर ते हसून म्हणाले, "जुना टायर आहे, जाताना कुरकुर करणारच."

त्यानंतर ब्रेक दाबला की पुढचं चाक थरथरायला लागलं. दिरांना फोन केला. "नवीन टायर आहे, बसेल हळूहळू." मग एका सकाळी मोरिवलीच्या वळणावर टेम्पो आडवा आला. मी ब्रेक दाबला, चाक थडथडलं, घसरलं, आणि माझं मनगट मोडलं.

दीर बघायला आले. सासूबाईंसमोर बसून, माझ्या प्लास्टरकडे बघत म्हणाले, "बायकांना एवढी गाडी झेपत नाही, वहिनी. स्कूटी घ्या." सासूबाईंनी मान डोलावली. नवऱ्यानं गाडीला गिऱ्हाईकही शोधलं. माझ्या पगारातून घेतलेली माझी गाडी दसऱ्याला विकायची, असं तिघांनी ठरवलं आणि मला चहाबरोबर कळवलं. त्या दिवशी मला रडू आलं नाही. दात मात्र इतके आवळले की जबडा दुखला.

गाडी मी बदलापुरातल्या एका मेकॅनिककडे पाठवली होती. त्यानं डिस्क काढून दाखवली. वाकलेली होती. आतल्या बाजूला, जिथं ब्रेकचे पॅड पोचत नाहीत, तिथं लाल रंगाचा ओरखडा होता. टायरची कडही जरा फाटलेली. नवीन डिस्क त्यानं बसवली. टायर मी विकत घेतला, पण म्हटलं, हा बसवू नकोस. जुनी डिस्क घरी आणून कपाटात पैठणीच्या खाली ठेवली. कुणाला एक अक्षर बोलले नाही. तेव्हाच बोलले असते तर दीर म्हणाले असते, वहिनी पडल्या तेव्हा वाकली असेल.

प्लास्टर निघालं आणि हातात जोर आला, तशी मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या कारचा जॅक मागून घेतला. मेकॅनिककडून शिकले होते: चाक कारखाली आडवं घालायचं, टायरच्या कडेवर जॅक ठेवायचा आणि वर चढवायचा. कारचं वजन त्याला खाली रेटतं आणि कड सुटते. एका टाकाऊ चाकावर मी रोज तेच करत होते. नवऱ्याला वाटलं, मनगटाचा व्यायाम चाललाय.

खंडेनवमीला दिरांच्या दुकानात पूजा असते. मशीनला झेंडूचा हार, कुंकू, आणि त्या दिवशी ते चालवायचं नाही. दारात दिरांची नवी कार, तिलाही हार. ड्रायव्हर, गिऱ्हाइकं, पाहुणे, सगळे पेढे खात उभे. सासूबाई खुर्चीत, शेजारी नवरा हेल्मेट हातात घेऊन. मी मोटारसायकलवरून आले, पाठीवर नवा टायर बांधून.

"भाऊजी, टायर बदलायचाय."

"आज मशीन बंद असतं, वहिनी. माहीत आहे ना?"

"मशीन कुणाला हवंय? तुमच्या कारचा जॅक द्या."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? मी इंजिनाखाली ठोकळा सरकवला, पुढचं चाक काढलं. मग सगळ्यांना दिसेल असा एकेक बोल्ट सोडवून डिस्क काढली आणि बाजूला ठेवली. "एवढंच करायचं होतं," मी म्हटलं. कोणी काही विचारलं नव्हतं. चाक त्यांच्या हार घातलेल्या कारखाली घातलं, जॅक चढवला, कड फट् करून सुटली. एक ड्रायव्हर म्हणाला, "क्या बात है भाभी!" कडेखाली लोखंडी पट्ट्या घालून जुना टायर काढला, साबणाचं पाणी लावून नवा चढवला. हवेला कंप्रेसर लागला. त्याला हार घालायला दीर विसरले होते, म्हणून तो चालला.

डिस्क आणि चाक परत जागेवर बसवलं, मग पिशवीतून जुनी, वाकलेली डिस्क काढली आणि त्यांच्या काउंटरच्या काचेवर ठेवली. ती डुगडुगली. सासूबाई उठून आल्या. त्यांनी बोटानं एकदा दाबली. टक. पुन्हा दाबली. टक. मी लाल ओरखडा दाखवला आणि मशीनच्या लाल दांड्याकडे बोट केलं. सासूबाई दांड्याजवळ गेल्या, हार बाजूला सारून नीट बघितलं.

"तू मोडलास हिचा हात?" त्यांनी धाकट्या लेकाला विचारलं. दीर पेढ्याचं ताट सारखं करत राहिले.

"हिच्या गाडीच्या गिऱ्हाइकाला फोन कर, येऊ नको म्हणावं," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. दीर घाईनं कारचं दार उघडायला धावले. "आई, चल, मी सोडतो." सासूबाईंनी तिकडे बघितलंही नाही. नवऱ्याचं हेल्मेट घातलं, पदर खोचला आणि माझ्या मागे बसल्या.

पण मी विरघळले नव्हते. मान त्यांनीही डोलावली होती. मोरिवलीचं तेच वळण आलं, मागेपुढे कोणी नाही हे बघितलं आणि मुद्दाम करकचून ब्रेक दाबला. गाडी सरळ, जागच्या जागी उभी राहिली. त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं.

"मुद्दाम केलंस ना?"

"हो."

त्यांनी हेल्मेट सरळ केलं. मग माझा खांदा घट्ट धरून म्हणाल्या, "उद्या धाकट्यालाही मागे बसव. आणि इथंच दाब."