बेड नंबर सातचे भजन

माझ्या हातून चूक होत नाही. पोलोग्राउंडच्या कारखान्यात पस्तीस वर्षे खरादावर, म्हणजे लेथवर, काम केले, एक नग परत आला नाही. शाळा चौथीपर्यंत, पण माप पक्के. एकदाच माप चुकले, तेवढे सांगतो. चहा घेत ऐका.

तात्या माझा दोस्त. आमच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे टाळ वाजवतो. जिन्यावरून पडला, मांडीचे हाड मोडले, ऑपरेशन करून सळई घातली. डॉक्टर म्हणाले, आता चाला. तात्या बेड नंबर सातवरून उठेना. आठ दिवस डोक्यावर चादर आणि भिंतीकडे तोंड.

डॉक्टरांनी मला बाहेर घेतले. "चाचाजी, इस हफ्ते नहीं चले तो फिर कभी नहीं चलेंगे."

मी ठरवले, तात्याला उठवायचे. औषधाने नाही उठला, पेटीने उठेल.

मोठ्या सिस्टरकडे गेलो.

"वार्ड में हल्ला-गुल्ला नहीं चलेगा, काकाजी."

"हल्ला नहीं, भजन है."

"एक ही बात है."

तीन दिवस रोज जाऊन तिच्या टेबलासमोर उभा राहिलो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "रविवार, चार बजे. आधा घंटा. अब हटिए."

आता मंडळाचे सांगतो. हल्ली आम्हाला कोण बोलावते? लग्नात डीजे, बारशाला मोबाईल. माणूस गेला की तेराव्याला मात्र आमची आठवण येते. दहा वर्षे तेच अभंग, तोच क्रम. शेवटी मी उभा राहून चार शब्द बोलतो. पाठ आहेत. मधे नावाची जागा मोकळी, तिथे त्या घरचे नाव घालायचे.

रविवारी आम्ही चौघे पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून ओळीने वार्डात शिरलो. सगळे गप्प झाले. समोरच्या खाटेवर बेटमा गावचे एक म्हातारे बाबूजी होते. त्यांनी पाय खाली घेतले आणि हात जोडले. मला बरे वाटले. गाण्याची कदर आहे म्हटले.

पहिला अभंग झाला. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. दुसऱ्याला एकीने डोळे पुसले. इतके चांगले श्रोते मला जन्मात मिळाले नव्हते. मी आवाज चढवला.

पलीकडच्या खाटेजवळची बाई उठून तात्याच्या बायकोपाशी गेली. "हिम्मत रखना, भाभीजी."

"रखी है," वहिनी म्हणाल्या. त्यांना वाटले, पायाचे म्हणते आहे.

चादरीखाली तात्या हलत नव्हता. आणखी दोघे येऊन वहिनींसमोर मान खाली घालून उभे राहिले. मी पाहिले, पण अर्थ लावला नाही. पेटीवर असलो की मी इकडेतिकडे लक्ष देत नाही.

शेवटचा अभंग संपला. मी उठलो, डोळे मिटले. पुढचे तोंडाने आपोआप केले.

"तात्यांसारखा माणूस पुन्हा होणे नाही. त्यांच्या आत्म्याला शांती लाभो. दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहू."

सगळा वार्ड उभा राहिला. सलाईनवाले बाटली हातात धरून उभे राहिले.

आणि तात्याही उभा राहिला. चाळीस वर्षांची सवय. मी उभे राहा म्हटले की हा उभा राहतो. चादर बाजूला केली, खाली उतरला, हात जोडले, मान खाली.

बेटम्याच्या बाबूजींनी आधी पाहिले. "अरे भिया, ये तो खुद खड़े हैं."

तात्याने डोके वर केले. "गणप्या, कोण गेले?"

मी पेटीचा भाता बंद केला.

"नाव कोणाचे घेतलेस?"

मी पेटी उचलली. तात्या निघाला. या खाटेचा दांडा, त्या खाटेचा दांडा धरत माझ्याकडे येऊ लागला. मी मागे सरकलो, तो पुढे आला. सिस्टर मधे पडायला धावली, तर दारातून डॉक्टर म्हणाले, "रोको मत. चाचाजी, आप थोड़ा और पीछे हटिए."

मी जिन्यापर्यंत हटलो. तात्या जिन्यापर्यंत चालला. शिव्या देत, पण चालला.

पुढच्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला. मला वाटलेच होते. शेवटी संगीताची ताकद त्यांनाही पटली.

"काकाजी, बेड नंबर बारह भी नहीं उठ रहे. आप लोग आएँगे?"

"आएँगे," मी म्हटले. "पेटी, टाळ, सब लेके आएँगे."

"पेटी रहने दीजिए. गाना भी नहीं. बस टोपी पहनके दरवाज़े में खड़े हो जाना."