अडीचच्या बाई

थोरलीला घड्याळ कधी लागलंच नाही. सकाळी सहाला रेडिओवर पिकांवरची कीड, आठला डॉक्टरांचा सल्ला, दहाला कायदा, बाराला मुलाखत, तीनला कथावाचन, पाचला वादविवाद. कीड संपली की चहा, मुलाखत संपली की जेवण. गल्लीच्या टोकाला शिंप्याचं दुकान होतं, त्याची काजं-बटणं ती एकवीस वर्षं घरी बसून करत होती. तेवढ्या काळात वीतभर जमीन नसताना तिला मावा-तुडतुड्यांवरची औषधं तोंडपाठ झाली होती आणि दमडीची इस्टेट नसताना मृत्युपत्राची कलमं.

“तुला मधुमेह नाही, शेत नाही, कोर्टात दावा नाही,” धाकटी म्हणायची. “ऐकतेस कशाला मेलं?”

“उद्या झाला दावा तर?”

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघींचे नवरे गेले आणि दोघी दोन खोल्यांत एकत्र राहू लागल्या. भांडायला तरी घरात माणूस हवं ना!

पण थोरलीचा खरा जीव अडकला होता तो दुपारी अडीचला. त्या वेळी एक बाई श्रोत्यांची पत्रं वाचत. नाव कधी सांगत नसत, म्हणून थोरलीच्या तोंडी त्या ‘अडीचच्या बाई’. आवाज काही मधाळ वगैरे नव्हता. चांगला घोगरा. मध्येच खाकरायच्या आणि म्हणायच्या, “थांबा हं, ही ओळ पुन्हा वाचते, चांगली आहे.” थोरलीची सुईसुद्धा थांबायची. नवरा गेला त्या वर्षी माणसं दारातूनच विचारपूस करून पळायची. रोज येऊन बसल्यासारखी बोलायची ती ही एकच बाई. थोरली ते विसरली नव्हती.

एका सोमवारी रेडिओवर सूचना आली. श्रोत्यांची पत्रं येईनाशी झाली आहेत. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून बोलण्याचे सगळे कार्यक्रम बंद आणि दिवसभर गाणी. थोरलीने सुई बोटात खुपसून घेतली.

“मग लिही की पत्र,” धाकटी म्हणाली.

“मी? काजं करणारीचं मत कोण विचारतंय! तिथं हेडमास्तर लिहितात, वकील लिहितात.”

म्हणून मग ती हेडमास्तर झाली. वकील झाली, परीक्षेला बसलेली मुलगी झाली, ट्रक ड्रायव्हर झाली. ड्रायव्हर तिने डाव्या हाताने लिहिला, कारण उजव्या हाताने तो फारच शिकलेला दिसायला लागला. आठवड्याभरात नऊ माणसं तयार झाली. थोरली पत्रं तीन निरनिराळ्या टपालपेट्यांत टाकायला जायच्या आधी धाकटीने ती वाचली आणि नाक मुरडलं.

“सगळेच कसे गं साखरेत घोळलेले? नऊ माणसं जमली आणि एकानेही नावं ठेवली नाहीत, असं कुठे असतं का? आपण दोघीच आहोत, तरी तसं होत नाही!”

थोरलीला पटलं. एक खडूस माणूस हवाच. तिने निवृत्त इन्स्पेक्टर काढला. पण त्याने नावं कुणाला ठेवायची? डॉक्टरांना ठेवावीत तर त्यांचा कार्यक्रम जायचा, वकिलांना ठेवावीत तर कायदा जायचा. अडीचच्या बाईंची मात्र तिला खात्री होती. त्यांना कोण हात लावणार! इन्स्पेक्टरने लिहिलं, ‘पत्रं वाचणाऱ्या बाई मध्येच थांबतात, खाकरतात, त्याच ओळी पुन्हा वाचतात. हा काय घरचा ओटा आहे?’ लिहिताना दोघी जावा पोट धरधरून हसल्या.

बारा दिवसांनी अडीचला खुद्द केंद्रप्रमुख बोलले. पत्रांचा पाऊस पडला आहे, कार्यक्रम बंद होणार नाहीत. थोरलीने टाळी वाजवली.

“विशेष आभार एका निवृत्त इन्स्पेक्टरांचे,” केंद्रप्रमुख पुढे म्हणाले. “स्तुती करणारे पुष्कळ भेटतात, चूक दाखवणारा विरळा. त्यांच्या सूचनेचा मान राखून आजपासून हा कार्यक्रम नव्या निवेदिका सादर करतील.”

नवी मुलगी चुरूचुरू बोलत होती. बाईंचं एक पत्र व्हायचं तेवढ्यात हिची चार झाली.

“अगं, मी घालवली गं तिला,” थोरली म्हणाली आणि मांडीवरच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली. एरवी टोमण्याची संधी न सोडणाऱ्या धाकटीने तिच्या हातातली सुई काढून घेतली.

त्याच संध्याकाळी थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या उजव्या हाताने पत्र लिहिलं. ‘मी काजं-बटणं करते. हेडमास्तर, ड्रायव्हर, इन्स्पेक्टर सगळे मीच लिहिले. इन्स्पेक्टर खोटा आहे. त्या बाईंना परत बोलवा, मी हात जोडते.’ खाली पूर्ण पत्ता.

शुक्रवारी अडीचला ते वाचलं गेलं. वाचता वाचता मुलीला हसू आवरेना.

“श्रोतेहो, काजं-बटणं करणाऱ्या एक बाई म्हणतात, तुमची सगळ्यांची पत्रं त्यांनीच लिहिली! आता हे पत्र कुणी पाठवलं असेल ते आमच्या लक्षात आलेलं आहे. आमच्या आधीच्या निवेदिकांना नम्र विनंती की, त्यांनी कृपा करून अशी बनावट पत्रं पाठवू नयेत. आता पुढचं पत्र!”

धाकटीने रेडिओ बंद केला.

“त्यांनी ऐकलं असेल का गं?” थोरलीने विचारलं.

“छे! त्या कशाला ऐकत बसतायत आता?”

“अडीचला त्या दुसरं काय करणार?” थोरली म्हणाली.