नको म्हटलं तरी

मखमलाबादला सासूबाईंच्या हातचं जेवायला बसलं की ताटावर हात आडवा धरून काही उपयोग होत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात मी तसा धरला होता, तर त्यांनी माझ्या बोटांच्या फटीतून तूप सोडलं होतं. म्हणून मागच्या रविवारी माझ्या लेकीने ताट मागे ओढून "आजी, नको म्हणजे नको!" असं ठणकावलं, तेव्हा सासूबाईंचा हात पोळीसकट हवेतच राहिला. त्यांनी आधी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कुठून शिकली गं ही?"

"मीच शिकवलंय, आई."

"कशापायी?" एवढंच म्हणून त्यांनी पोळी परत टोपलीत ठेवली. रागावल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं. वाईट मलाही वाटलं, पण माझं दुखणं त्या पोळीपुरतं नव्हतं. ते फार लांबचं होतं.

लेक लहान होती, जेमतेम वाक्यं जुळवायला लागली होती, तेव्हा आम्ही चेक देशात राहायला गेलो. नवरा नाशिकलाच, अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या कंपनीचा तिकडे एक कारखाना होता, तिथे त्याला काही वर्षांसाठी पाठवलं. मी पतसंस्थेतली नोकरी सोडली, लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळल्या आणि निघाले. नातेवाइकांनी हेवा वाटावा अशा थाटात निरोप दिला. डोंगर दुरूनच साजरे, हे तिथे पोचल्यावर आठवड्याभरात कळलं.

माझं शिक्षण मराठी शाळेतलं. इंग्रजी पाचवीपासून, तेही पाठांतराचं. नाशिकला लेकीच्या प्लेग्रुपबाहेर इतर आया एकमेकींशी इंग्रजीत बोलायला लागल्या की मी सँडलचा बंद लावायला खाली वाकायचे आणि त्या पांगेपर्यंत लावत राहायचे. आणि परदेशात जाऊन मी काय शोधत फिरले? तर इंग्रजी. ते गाव लहान. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये सगळीकडे त्यांचीच भाषा. इंग्रजीत विचारलं की माणसं नुसती मान हलवायची. नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मधल्या वेळात मी आणि लेक. भाजीवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय जिचा दिवस सुरू होत नाही, अशी मी बाई. तिथे भाजीदेखील न बोलता पिशवीत पडायची. मी स्वयंपाकघरात भोपळ्याशी बोलायला लागले होते.

मग एक दिवस बागेत झोपाळ्यापाशी एक बाई आपल्या मुलावर ओरडताना ऐकू आली. "त्या चिखलातून बाहेर ये, नाहीतर मी आत येते!" हे सगळं चक्क इंग्रजीत. कुणीतरी माझ्याच नावाने हाक मारावी तशी मी वळले. सरळ तिच्याजवळ गेले आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं की, मला तुझं बोलणं समजलं. ती हसत सुटली. ती आयर्लंडची, नवरा तिथलाच. तिचा मुलगा माझ्या लेकीच्याच वयाचा, आणि तोवर आमची लेकही त्याच चिखलात उतरली होती.

तिने माझ्या इंग्रजीला कधी नाव ठेवलं नाही. ती फक्त सावकाश बोलायची आणि माझं वाक्य अडलं की थांबायची. तिच्यामुळे पुढे आणखी दोघी मिळाल्या. बुधवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पोरं खेळायची आणि आम्ही चौघी चार तऱ्हांचं इंग्रजी बोलत बसायचो. पण जिवाभावाची म्हणावी अशी ती एकच.

पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हाची गंमत. तिने विचारलं, "चहा घेणार?" मी म्हटलं, "नको नको, कशाला." "बरं," ती म्हणाली, आणि स्वतःपुरता चहा करून माझ्यासमोर बसून प्यायली. मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत राहिले. लेकीनेही, मी शिकवल्याप्रमाणे, बिस्किटांना नको म्हटलं, तर तिने बशी उचलून आत नेली. घरी परतताना लेक रस्ताभर रडली. मीही चिडले होते. केवढी कोरडी माणसं, असं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिने विचारलं, तू नको म्हणालीस. चूक कोणाची?"

त्याचं उट्टं मी तिला जेवायला बोलावून काढलं. पुरणपोळ्या केल्या. दुसरी खाऊन ती पुरे म्हणाली, मी तिसरी वाढली. तिने ती संपवली, मी चौथी वाढली. तिच्या कपाळावर घाम आला. मग तिने माझा हात धरला आणि हसत पण स्पष्ट सांगितलं, "हे बघ, आमच्यात नको म्हणजे नको. तू ऐकलंच नाहीस तर मी काय करू? पळून जाऊ?" आम्ही पोट धरून हसलो. मी तिला आमच्याकडची रीत सांगितली. पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसरं खरं, आणि चौथ्यांदा वाढायचं ते प्रेमाचं. "बाप रे," ती म्हणाली, "मग तुमच्याकडे कोणी उपाशी कसं राहतं?"

त्यानंतरही एकदोनदा मी तिचं ऐकलं नाही. तिला सर्दी झाली तेव्हा ती नको म्हणत असताना हळदीचं दूध घेऊन थडकले. तिने तोंड वाकडं करून प्यायलं. पण हळूहळू मी सुधारले. एकदाच विचारायचं, उत्तर ऐकायचं, गप्प बसायचं. लेकीलाही तेच वळण लावलं. नाशिकला फोनवर मी ऐटीत सांगायचे की इथले लोक कसे मोकळे, इथे कोणी कोणावर बळजबरी करत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तेव्हा मला माझ्यासाठी आहे असं वाटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिला दिवस होते. मी सासूबाईंकडून डिंक आणि खारीक मागवून ठेवली. बाळंतिणीचे लाडू कसे करायचे ते फोनवर विचारून घेतलं. माझी इथे आई नाही, बहीण नाही, असं ती एकदा म्हणाली होती, आणि मी तिला म्हटलं होतं, मी आहे ना.

सहाव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

तिचा मेसेज आला. बाळ राहिलं नाही. दवाखान्यातून घरी आले आहे. प्लीज येऊ नकोस, मला काही नको.

मी तो मेसेज कितीदा वाचला असेन. नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "तिने स्पष्ट लिहिलंय. त्यांच्यात असंच असतं." माझं मन ऐकेना. सुखात बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि दुःखात बोलावण्याची वाट पाहू नये, हे ऐकत मी मोठी झाले. आमच्या गल्लीत कुणाकडे असं काही झालं की त्या घरची चूल शेजारणी पेटूच देत नाहीत. मी मुगाची मऊ खिचडी केली, स्टीलच्या डब्यात भरली, लेकीला कोट-टोपी चढवली आणि बसने तिच्याकडे गेले.

तिची इमारत आली. खाली दाराशी सगळ्या घरांच्या बेलची पाटी होती. ती बेल दाबणं हे लेकीचं काम. दरवेळी ती टाचा उंचावून दाबायची. त्या दिवशीही तिने हात वर केला आणि मी तो धरला.

"थांब."

"का?"

मला एकदम वाटलं, हे काय चाललंय आपलं? तिने एवढं लिहून सांगितलंय. पुन्हा चौथी पुरणपोळी वाढायला आलोय आपण. तिला आत्ता एकटं राहायचं असेल. माझ्यासमोर रडायला लागलं तर तिला लाज वाटेल.

"मावशी नको म्हणालीय," मी लेकीला म्हटलं. "नको म्हणजे नको."

"पण डबा?"

डबा तसाच परत आणला. संध्याकाळी तीच खिचडी गरम करून आम्ही तिघांनी खाल्ली. आपण समंजसपणे वागलो, असं मी जेवताना स्वतःला बजावत राहिले.

त्यानंतर ती बुधवारी यायची बंद झाली. मी मेसेज करायचे, ती दोन शब्दांत उत्तर द्यायची. भेटलो तेव्हा हवेबद्दल बोललो, मुलांबद्दल बोललो. बाळाचा विषय तिने काढला नाही आणि तिने काढल्याशिवाय काढायचा नाही, एवढी मी शिकलेली होते. उन्हाळ्यात ती मुलाला घेऊन आयर्लंडला आईकडे गेली आणि तिकडेच राहिली. आमचीही मुदत संपली. डिंकाची पुडी सामान आवरताना कपाटात सापडली, ती मी कचऱ्यात टाकली.

आता आम्ही पुन्हा नाशिकला आहोत. लेक दहा वर्षांची झालीय. तो चिखलातला मुलगा तिला फोटोतूनच आठवतो. मागच्या दिवाळीत मी मनाचा हिय्या करून त्याच्या आईला फोन लावला. ती उचलेल असं वाटलं नव्हतं, पण तिने उचलला आणि आम्ही बराच वेळ बोललो. माझं इंग्रजी आता गंजलंय. ती पूर्वीसारखीच थांबून थांबून बोलत होती. शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी मी आले होते, खालून परत गेले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी खिडकीत होते. तुझ्या हातात तो स्टीलचा डबा होता. मी केस नीट केले आणि दारामागे येऊन उभी राहिले. म्हटलं, आता बेल वाजेल."

"पण तू नको म्हणाली होतीस."

 "हो," ती म्हणाली. " सगळ्यांनाच म्हणाले होते. बाकीचे ऐकतील हे मला माहीत होतं. तू ऐकणार नाहीस, असं वाटलं होतं."

 त्या दाराशी लेकीचं बोट बेलवर जवळजवळ टेकलं होतं. मी नुसता तिचा हात धरला नसता, तरी पुरलं असतं.